चाखलेलं जेवणात धरतात का

आबांच्या बेंबीजवळ एक फुगवटा होता. खोकला आला की तो लिंबाएवढा वर यायचा, आडवे झाले की आत जायचा. आबा त्याला गॅस म्हणायचे आणि ओवा चावायचे. दोन वर्षं आम्हीही त्याला गॅसच समजलो. मग यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी धुळ्याच्या एका लग्नात वरणाचं पातेलं उतरवताना ते पोट धरून खालीच बसले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटीवर मागे बसवून जळगावच्या दवाखान्यात नेलं.

सर्जननी दोन बोटांनी दाबून पाहिलं आणि सांगितलं, हर्निया आहे. ऑपरेशन करावं लागेल, पण आत्ता नाही. आबांचं वजन एकशे चौदा किलो भरलं होतं. एवढ्या वजनावर भूल देणं जोखमीचं, आणि पोटाच्या चरबीच्या ताणाने आतले टाके धरत नाहीत, असं ते म्हणाले. आधी दहा-बारा किलो कमी करून या. तोवर जड उचलायचं नाही. आणि फुगवटा कडक झाला, आत जाईना, दुखायला लागून उलट्या सुरू झाल्या, तर वजनबिजन काही बघू नका, असाल तसे निघून या.

शेवटचं वाक्य आबांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मी मात्र त्या दिवसापासून रोज सकाळी उठले की आधी त्यांच्या पोटाकडे बघायचे.

आबा आचारी आहेत. गेली तीस वर्षं जळगाव-धुळे पट्ट्यातल्या लग्नांत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी करतात. त्यांच्या धंद्यात पोट ही लाजेची गोष्ट नाही. ऑर्डर द्यायला आलेला माणूस आधी आबांकडे बघतो, मग भाव विचारतो. "बारीक आचारी पाहिला की लोकांना वाटतं, याला स्वतःच्याच हातचं आवडत नाही," असं आबाच हसत हसत सांगायचे. वजन कमी करायचं म्हणजे त्यांच्या दृष्टीने दुकानाची पाटी उतरवण्यासारखं होतं. हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त ऑपरेशन दिसत होतं.

मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशन कार्डापासून गॅसच्या अर्जापर्यंत घरातला प्रत्येक कागद माझ्याकडे येतो. दवाखान्याची फाईलही तशीच माझ्याकडे आली. मला आतून भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटत होता.

सर्जननी आम्हाला त्याच दवाखान्यातल्या फिजिशियन मॅडमकडे पाठवलं. वजन त्यांच्या देखरेखीखाली उतरवायचं होतं. भेटीची तारीख आठवड्यानंतरची होती, आणि त्या आठवड्यात जळगावला लागून असलेल्या पिंप्राळ्यातली आमची अख्खी गल्ली डॉक्टर झाली. समोरच्या काकू म्हणाल्या, भात बंद करा. किराणा दुकानवाले शेठ म्हणाले, जिऱ्याचं पाणी. एक जण घाम आणणारा पट्टा घेऊन आले, तो आबांच्या पोटाला पुरेनाच. कोपऱ्यावरच्या एका दादाने चहाऐवजी वजन उतरवणाऱ्या पावडरीचं दूध प्यायला सांगितलं आणि महिन्यात दहा किलोंची खात्री दिली. आबा म्हणाले, "दहा किलो काढून ठेवणार कुठं?" दादा गोंधळून निघून गेला.

मी हे सगळं वहीत लिहून ठेवलं. सतरा प्रश्न झाले. मॅडमसमोर बसल्यावर मात्र वही उघडायची लाज वाटली. बाहेर माणसं ताटकळत होती, आणि माझे प्रश्न गल्लीतल्या गप्पांसारखे होते.

मॅडमनीच वही पाहिली. "काय लिहून आणलंय? वाच."

मी वाचलं. "महिन्यात दहा किलो कमी होतं का?"

"होतं," त्या म्हणाल्या. "उपाशी ठेवलं की होतं. मग मांसही झिजतं, पित्ताचे खडे होऊ शकतात, चक्कर येते, आणि खायला लागलं की सगळं परत येतं. तुमच्या वडिलांना ऑपरेशनमधून उठायचंय. अंगात ताकद नको का? आठवड्याला अर्धा ते एक किलो. पहिल्या दोन आठवड्यांत जरा जास्त उतरेल, त्यात पाणीच फार असतं. खूश होऊ नका. नंतर थांबेल, तेव्हा घाबरू नका."

"भात बंद करायचा का?"

"भाताने काय वाकडं केलंय? एक वाटी खा. कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी एक. डाळ घट्ट. अंडं चालतं ना? अर्धं ताट भाजी, पण तेलात पोहणारी नाही." मग आबांकडे बघून, "तुम्हाला मी भाजीबद्दल काय सांगू!"

आबा पहिल्यांदा हसले.

पावडरीबद्दल त्या म्हणाल्या, डबा घेऊन ये, आत काय आहे ते वाचू, मग सांगते. आजकाल वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनबद्दल मोबाइलवर येतं, तेही मी भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, आहेत तशी औषधं, काहींना चांगला उपयोग होतो, पण ती सगळ्यांसाठी नाहीत. आधी रक्त, थायरॉईड, साखर तपासू, इतर औषधं काय चालू आहेत ते बघू. तुमच्या वडिलांचं आधी जेवण आणि चालणं नीट बसवू, गरज लागली तर तेव्हा बोलू. स्वतःहून काही मागवायचं नाही. आबांची बीपीची गोळी चालू होती. वजन उतरेल तसा तिचा डोस बदलावा लागू शकतो, पण तो त्या बदलतील, आम्ही नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आबा घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, हेही विचारलं. आई बरोबर असती तर त्या प्रश्नाला अर्धा तास लागला असता.

शेवटी त्यांनी सांगितलं, "रोज काय काय खाल्लं ते लिहायचं. खरं खरं. मला दाखवायला नाही, तुम्हाला दिसायला."

आबांना लिहायला जड जातं. म्हणून रोज ते सांगायचे आणि मी लिहायचे. सकाळी चहा, बिनसाखरेचा. दुपारी एक भाकरी, मेथीची भाजी, डाळ. लग्नाच्या दिवशीही तेच. "पंगत उठल्यावर बसलो. एक बट्टी, तूप नाही. वरण. काकडी." सकाळी वीस मिनिटं सपाटीवर चालायचे. रस्त्यात ओळखीचा कोणी भेटला की दूध आणायला निघालोय असं सांगायचे.

पहिल्या पंधरा दिवसांत सव्वादोन किलो उतरले. मॅडमनी सांगितलं होतं तरी मी खूश झाले. मग काटा थांबला. मग लग्नसराई ऐन भरात आली. एक दिवस नशिराबाद, दुसऱ्या दिवशी चाळीसगाव, मध्ये कुठे साखरपुडा. आणि तिसऱ्या भेटीत वजन चारशे ग्रॅम वाढलेलं निघालं.

मॅडमनी वहीची पानं उलटली. "जेवण तर छान आहे. एवढं खाऊन वाढायला नको." त्यांनी सुजेसाठी पाय दाबून पाहिले, थायरॉईडचा रिपोर्ट पुन्हा वाचला. तो ठीक होता. "काही राहिलंय का लिहायचं? गोड? सरबत?"

"नाही," आबा म्हणाले.

तेव्हा मी बोलले. कोणी विचारलेलंही नव्हतं. मी म्हणाले, "मॅडम, बाहेर कामावर असताना मी नसते. तिथे ते चोरून खात असतील."

त्यातला 'चोरून' हा शब्द अजूनही मला टोचतो. 'बाहेर खात असतील' म्हणाले असते तरी चाललं असतं. आबांनी शर्टची बटणं लावली. वरचं बटण ते कधी लावत नाहीत, त्या दिवशी तेही लावलं.

स्कूटीवर मागे बसले की आबा सतत बोलतात. हळू, खड्डा, रिक्षा, उजवीकडे बघ. त्या दिवशी दवाखान्यापासून घरापर्यंत एक शब्द नाही. मी मुद्दाम एका खड्ड्यातून गाडी नेली, तरी नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी वही घेऊन बसले. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि आईला सांगितलं, मला नाही, "तिन्या वहीमा जे शे ते बठ्ठं मी सांगेल शे. मी खोटं बोलनू नही." घरात आम्ही अहिराणीच बोलतो. वही तिची, सांगितलेलं सगळं माझं, आणि मी खोटं बोललो नाही, एवढंच ते म्हणाले. आई माझ्याकडे बघत राहिली. मी लिहिलं, एक भाकरी, गिलक्याची भाजी.

पुढचे चार-पाच दिवस मी दोन्ही बाजूंनी विचार केला. वही खरी असेल तर काटा खोटा. काटा खोटा असणार नाही, असं मला वाटायचं, कारण काटा दवाखान्यातला होता. आबा आमचे होते, तरी मी काट्याच्या बाजूने उभी राहिले होते. हे लिहिताना लाज वाटते.

रविवारी चाळीसगावला आठशे पानांचं लग्न होतं. मी म्हणाले, मीही येते. आई म्हणाली, "तू काय करशील तिथं?" मी म्हणाले, मदत. आबा म्हणाले, "येऊ दे." पहाटे भांड्यांच्या टेम्पोत पुढे बसून आम्ही गेलो. माझ्या पिशवीत वही होती. आबांना ते माहीत होतं असं मला आज वाटतं.

मंगल कार्यालयाच्या मागे पत्र्याच्या शेडखाली भट्ट्या पेटल्या होत्या. आबांच्या बरोबर वीस वर्षं बट्ट्यांचं काम करणाऱ्या एक अक्का आहेत. कणीक मळायची, तिचे उंडे वाफवायचे, कापायचे आणि तळायला द्यायचे, हे सगळं त्यांच्या हाताखाली चालतं. मी उलट्या ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर वही घेऊन बसले, तसं त्यांनी मला पाहिलं.

"भाऊ, तुमनी आंडेर काय लिखी ऱ्हायनी?" मुलगी काय लिहिते आहे, असं त्यांनी तिथूनच ओरडून विचारलं. "तलाठी लई उनात का संगे?"

तलाठी बरोबर आणलाय का, हे ऐकून सगळे हसले. आबाही हसले, पण माझ्याकडे न बघता.

मी चोरी पकडायला बसले होते. कोपरा, पडदा, टेम्पोची मागची बाजू, सगळीकडे नजर ठेवली. आबा कुठेच गेले नाहीत. सकाळी सहापासून ते भट्ट्यांमध्येच फिरत होते. वरणाला फोडणी पडली. त्यांनी पळीने थोडं वरण उचललं, डाव्या तळहातावर ओतलं, फुंकर घातली आणि ओठ लावले. मीठ टाकलं. ढवळलं. पुन्हा तळहात. मग वांग्यांकडे गेले. घोटलेल्या भाजीवर तेल सुटलं होतं. तळहात. तिखट कमी होतं. पुन्हा तळहात. पहिला घाणा बट्ट्यांचा निघाला. त्यांनी एक बट्टी मधून फोडली, आत कच्ची आहे का बघितलं, अर्धी तोंडात टाकली. दुसरा घाणा. अर्धी. शिऱ्याचा खरपूस वास आला, झाऱ्याच्या टोकावरचा एक गोळा. तिसरा घाणा. अर्धी.

माझ्या हातातलं पेन कधी चालायला लागलं, मला कळलं नाही. आठच्या सुमाराला मी रेघा ओढायला सुरुवात केली होती. साडेअकराला मोजलं. वरण अठरा वेळा, भाजी चौदा वेळा. बट्टीचे अर्धे तुकडे अकरा. शिरा पाच वेळा. ठेचा मी धरला नाही. आणि पंगत अजून बसायची होती.

हे सगळं उघड्यावर, पंधरा माणसांसमोर, माझ्याकडे तोंड करून चाललं होतं. एवढ्या उघडपणे कोणी चोरी करत नाही.

मी उठून त्यांच्याजवळ गेले. "आबा, हे वहीत का नाही सांगितलं?"

"कोणतं?"

"हेच. वरण. बट्ट्या."

त्यांना खरंच कळलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं. "अगं, मी अजून जेवलोच कुठं?" ते म्हणाले. "पंगत उठल्यावर जेवीन, तेव्हा लिही."

अक्का मध्ये पडल्या. "पोरी, चाखनं ते काय जेवनं शे का? चाखेल जेवणमा कोण धरस?"

कोणीच धरत नाही. मला ते तिथे उभी असताना समजलं. पानावर बसलं, पाणी फिरवलं, पहिला घास घेतला की ते जेवण. भट्टीसमोर उभं राहून जे तोंडात जातं ते काम. लोहाराने हातोडा उचलला ते कोणी व्यायामात धरत नाही, तसं. तीस वर्षांत आबांनी चाखलेलं कधी जेवणात धरलं नव्हतं, आणि मला दिलेला प्रत्येक हिशोब त्यांच्या समजुतीप्रमाणे अगदी खरा होता.

मला माफी मागायची होती. आमच्या घरात माफी मागायची पद्धत नाही, आणि आजूबाजूला वाफ, भांड्यांचे आवाज, बाहेर बँड. मी म्हणाले, "आबा, मी मॅडमना चुकीचं सांगितलं."

त्यांनी उलथनं माझ्या हातात दिलं. "शिरा हलव. खाली लागेल."

मी शिरा हलवला. हात दुखेपर्यंत हलवला.

पुढच्या भेटीत मी मॅडमसमोर वहीतलं ते रेघांचं पान उघडलं आणि सगळं सांगितलं. 'चोरून' हा शब्द मी परत घेते, असंही म्हणाले, म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. मॅडम आबांना म्हणाल्या, "दादा, चूक माझी. मी 'जेवता काय' विचारलं. तोंडात काय काय जातं, हे विचारायला हवं होतं." त्यांनी कागदावर बट्टीचे अकरा अर्धे तुकडे म्हणजे साडेपाच बट्ट्या असं मांडून दाखवलं. आबांनी त्या आकड्यावर बोट ठेवलं. ते म्हणाले, "साडेपाच तर मी पानावर वाढून घेतल्या तर लाज वाटेल."

मग उपायांचं बोलणं झालं. मॅडम म्हणाल्या, लहान चमचा वापरा. बट्टी फोडून डोळ्यांनी बघा, तोंडात कशाला? चव कळली की थुंकून टाकलं, चूळ भरली, तरी चालेल. आबांनी कानाला हात लावला. भट्टीसमोर अन्न थुंकायचं? त्या हातांनी पुन्हा पातेल्यात पळी घालायची? मॅडमनीही तो विषय सोडला. "दुसऱ्या कोणाला चाखायला सांगा," त्या म्हणाल्या. आबांनी फाईल उचलून काखेत धरली. त्याचा अर्थ नाही असाच होता.

परत येताना स्कूटीवर ते बोलले. "आचाऱ्याची जीभ दुसऱ्याच्या तोंडात असते का कधी?"

मला एक गोष्ट आठवली. देवळाच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक आबा न चाखता करतात. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय भट्टीवर कोणी बोटही चाटत नाही. हजार माणसांचं वरण ते वासावर आणि रंगावर करतात, मीठ वाटीने मोजून टाकतात. मी विचारलं, "भंडाऱ्याला कसं जमतं मग?"

"तिथं देव असतो."

"पण चव तर तुम्हीच आणता ना?"

ते म्हणाले, "भंडाऱ्यात कमी-जास्त झालं तर लोक प्रसाद म्हणून खातात. लग्नात नाव ठेवतात. एकदा नाव गेलं की..." पुढे रिक्षा आली. "हळू," ते म्हणाले. मला फार बरं वाटलं.

तरी त्यांनी ते करून पाहिलं. नशिराबादजवळच्या एका साखरपुड्याला, तीनशे पानं. वाटीने मीठ मोजलं, वास घेतला, डोळे मिटून उभे राहिले. पण भंडाऱ्याची डाळ एका ठरलेल्या दुकानातली असते आणि त्या दिवशीची डाळ, पाणी, पातेलं सगळं वेगळं होतं. पहिली पंगत बसली आणि मुलीकडचे एक काका भट्टीपर्यंत चालत आले. "आचारी कोण शे? वरणमा मीठ टाकानं भुली गयात का?"

तीस वर्षांत कोणी असं भट्टीवर आलं नव्हतं. आबांनी हात जोडले, दुसऱ्या पंगतीआधी मीठ वाढवलं. तिथून निघेपर्यंत ते भांड्यांच्या ढिगापाशी बसून होते. मी त्या दिवशी बरोबर नव्हते. हे मला अक्कांनी सांगितलं. अक्काच त्या दिवशी त्यांच्यासमोर जाऊन बसल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "भाऊ, वीस वरीस मी तुमना हातनं खाई ऱ्हायनू. तुमनं मीठ माले माहीत नही का? मी चाखसू आते. तुम्ही वास ल्या आणि सांगा, काय टाकानं ते."

आबा म्हणाले होते, "तुले साखर शे ना?"

"मी बी दवाखानामा विचारीसनच चाखसू," अक्का म्हणाल्या.

आणि खरंच, पुढच्या वेळी अक्का आमच्याबरोबर मॅडमकडे आल्या. मॅडमनी त्यांना लहान चमचा ठरवून दिला, बट्टी चाखायची नाही, शिरा चाखायचा नाही, चाखलेलं दिवसाच्या जेवणातून वजा करायचं. अक्कांच्या साखरेच्या गोळ्यांची वेळ त्यांनी लिहून दिली आणि कामाच्या घाईत उपाशी राहायचं नाही असंही बजावलं. बाहेर आल्यावर अक्का मला म्हणाल्या, "तुना बापनं वजन कमी करता करता मनंबी व्हई जाई."

पहिले काही आठवडे आबांना ते जमेना. अक्का म्हणायच्या, मीठ बरोबर. आबांचा डावा हात आपोआप पुढे यायचा, मग ते तो मागे घेऊन रुमालाला पुसायचे. एकदा दोघांचं भांडण झालं. अक्का म्हणाल्या तिखट पुरे, आबा म्हणाले वासात कमी वाटतं. मग आबांनी वासावर टाकलं आणि ते बरोबर निघालं. तेव्हापासून ते जरा सैल झाले. वासावर त्यांचा हक्क, जिभेवर अक्कांचा.

काटा हळूहळू उतरायला लागला. आठवड्याला कधी सातशे ग्रॅम, कधी तीनशे, एकदा काहीच नाही. मॅडम तेव्हाही रागावल्या नाहीत. सहा किलो उतरल्यावर आबांना सकाळी उठताना चक्कर यायला लागली. समोरच्या काकूंनी सांगितलं, बीपीची गोळी बंद करा, आता काय गरज? आबा तयारच होते. मी फोन करून विचारलं, मॅडमनी बोलावून घेतलं, उभं करून आणि बसवून बीपी मोजलं आणि डोस निम्मा केला. बंद नाही केला. बंद केला असता आणि बीपी चढलं असतं, तर ऑपरेशन आणखी लांबलं असतं, असं त्या म्हणाल्या.

शर्ट ढगळ झाले. त्याचा व्हायचा तो परिणाम झाला. धुळ्याचे एक जुने गिऱ्हाईक धाकट्या मुलीच्या लग्नाचं बोलायला आले आणि बसल्या बसल्या आईला हळूच विचारलं, "भाऊंची तब्येत बरी आहे ना? काही मोठं दुखणं तर नाही? नाहीतर आम्ही दुसरं बघतो, त्यांना त्रास नको." आबा आत ऐकत होते. ते बाहेर आले, खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "हर्निया आहे. ऑपरेशन करायचंय, म्हणून डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलंय. उतरवतोय. स्वयंपाक तोच राहील." गिऱ्हाईक म्हणाले, "अरे, मग मलाही तो डॉक्टर सांगा की." आणि पोटावर हात फिरवला. ऑर्डर राहिली.

पाच महिन्यांनी आबा एकशे चार किलोंवर आले. बारा नाही, दहाच झाले. सर्जननी तपासलं, भूल देणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं, मॅडमनी फाईलवर लिहून दिलं. मी विचारलं, "हे परत वाढेल का?" वहीतला तो एक प्रश्न मी पहिल्या दिवशी घाबरून विचारलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या, "वाढू शकतं. बऱ्याच जणांचं वाढतं. त्यात त्यांचा आळस असतोच असं नाही, शरीर ओढ घेतं. म्हणून ऑपरेशननंतरही महिन्याला यायचं. वाढलं तरी यायचं. वाढलं म्हणून लाजून घरी बसायचं नाही."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टर फॉर्म घेऊन आल्या. आबा हिरव्या गाऊनमध्ये खाटेवर बसले होते, पाय लोंबकळत. आई देवाचा अंगारा शोधत होती. सिस्टरनी पेन माझ्याकडे वळवलं, कारण गावाकडच्या पेशंटचं काही विचारायचं तर बरोबरच्या शिकलेल्या माणसाला विचारायची सवय असते.

"काल रात्रीपासून यांच्या पोटात काही गेलंय का? नीट आठवून सांग. खोटं सांगितलं तर भुलीत त्रास होतो."

मी म्हणाले, "त्यांनाच विचारा. ते सांगतील ते बरोबर असेल."

सिस्टर आबांकडे वळल्या. ते खरोखर आठवायला लागले, भुवया आक्रसून, बोटं मोजत. "काल संध्याकाळी साडेसातला एक भाकरी, दुधीची भाजी, वाटीभर वरण. गोळी, दोन घोट पाण्याबरोबर, तुम्हीच दिली रात्री. सकाळी चहा नाही." थांबले. "दात घासताना चूळ भरली, त्यात थोडं पाणी गिळलं गेलं असेल. एवढं." त्यांनी तळहात थोडा खोलगट करून दाखवला. "तेही लिहा."

सिस्टर हसल्या. "लिहिते, बाबा," त्या म्हणाल्या, आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना विचारायला आत गेल्या. परत येऊन म्हणाल्या, चालेल. वॉर्डबॉयने खाट ढकलायला सुरुवात केली. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि उंबऱ्यावरून चाक जाताना त्याला म्हणाले, "हळू."